हळदीच्या दिवशी हलवलेला पंप

निजामाच्या अमदानीतली शेवटची वर्षं होती. मी नांदेडच्या कचेरीतली कारकुनी सोडून मोटार भाड्यानं चालवणार म्हणत होतो, आणि ते लातूरच्या माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या काही केल्या गळी उतरत नव्हतं. "लग्नाला ह्याच मोटारीनं, भर उन्हात या," ते म्हणाले. "रस्त्यात बंद पडली, तर नोकरी सोडायची न्हाई." मी बेधडक हो म्हणालो. माझा स्वभावच तसा, आधी शब्द द्यायचा आणि मग घाम पुसत बसायचं.

मोटार जुनी, एका देशमुखांकडून घेतलेली. थंडीत तिची काही तक्रार नसे. उन्हाळ्यात मात्र लोह्याच्या पुढच्या चढावर, म्हसोबाच्या दगडापाशी ती हमखास बंद पडायची. आईचं म्हणणं, म्हसोबाला नारळ हवा. आम्ही नारळ फोडायचो, लिंबाखाली बसून खोबरं खायचो, आणि अर्ध्या तासानं मोटार निमूट सुरू व्हायची. दोन उन्हाळे मी स्वतः भक्तिभावानं नारळ फोडले, हे कबूल करतो.

एकदा नारळ घ्यायचाच राहिला. आई घाबरली. आम्ही नुसतेच लिंबाखाली बसलो, तरी अर्ध्या तासानं मोटार सुरू झाली. तेव्हा कुठं माझं डोकं चालायला लागलं. टाकीतलं पेट्रोल ओढणारा विजेचा पंप बॉनेटखाली, इंजिनाला खेटून बसवलेला होता. पुढच्या खेपेला मोटार थांबताच त्याला हात लावला, तर चांगलाच चटका बसला. चढावर इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि तो रिकामाच टकटकत राहायचा. ओलं फडकं गुंडाळलं, पाच मिनिटांत मोटार चालू. मला इतका आनंद झाला की मी एका गाडीवानाला थांबवून सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि तंबाखू मागितली.

पंप तिथून काढून मागं टाकीजवळ न्यायचा, हे ठरलं. पण त्यासाठी मागवलेली तांब्याची नळी हैदराबादेहून रेल्वेनं आली, ती नेमकी माझ्या हळदीच्या दिवशी. हळद लागलेल्या नवरदेवानं घराबाहेर पडू नये म्हणतात. मी अंगणात जाऊन मोटारीखाली शिरलो.

"अंगाला हळद हाय, अन् तू मातीत लोळून राहिला?" आई ओरडली.

"अंगण घरातच धरतेत, आई."

पंप हादरू नये म्हणून मी त्याच्याखाली रबराचा जाड तुकडा घातला, नळी दोन्ही टोकांना रबरी तुकडे लावून जोडली, वायर मागपर्यंत नेली. किल्ली फिरवली. टकटक नाही. तासभर वायर उलटीसुलटी केल्यावर कळलं, माझ्या शहाणपणाच्या रबरानंच घात केला होता. पंपाचं अंग मोटारीच्या लोखंडाला टेकतच नव्हतं, मग वीज परतणार कुठून? मोटारीच्या लोखंडी सांगाड्यावरचा रंग खरवडून पंपापासून तिथं एक तार जोडली, आणि मागून टकटक सुरू झाली. मी पिवळ्या अंगानं अंगणात नाचलो. खरंच नाचलो.

दुसऱ्या दिवशी बाकीचं वऱ्हाड लॉरीनं पुढं गेलं. मुंडावळ्या कपाळावर सारून मी मोटार हाकत होतो, मागं आई मांडीवर नारळ घेऊन बसली होती. चढ आला. म्हसोबा दिसताच आई "थांब, थांब" म्हणाली, पण थांबायची माझी छातीच झाली नाही. चढ संपला. अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, तरी टकटक तुटली नाही, आणि मी एकटाच मोठ्यानं हसत सुटलो. आई लातूरपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

सासरे वेशीवर उभे होते. माझ्याकडं न बघता त्यांनी आईला विचारलं, "विहीणबाई, वाटेत कुठं थांबली का मोटार?"

"कुठली थांबतीय," आई तणतणली. "म्हसोबाला हात जोडायची बी सवड दिली न्हाई ह्यानं."

सासऱ्यांनी बॉनेटवर हात ठेवून पाहिला. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "जावईबापू, कचेरीत राजीनामा उर्दूतच लागतो. माझं अक्षर बरं हाय. लगीन लागलं की मी लिहून देतो, तुम्ही सही करा."