पंधरा दिवस आणि तीनशे तोफा

किस्से काही ठरवून जमत नाहीत. आपण आपलं काम करत असतो अन् ते बाकाखाली, खिशात, डब्याच्या झाकणात साठत जातात. मंग एखाद्या दिवशी चहाला कुणी विचारतं, "दत्ताभाऊ, हल्ली कुठं असता?" मी म्हणतो, "बदनापूरला. तोफा बनवतो." समोरच्याचा कप अर्ध्यातच थांबतो. आता तुम्ही विचारलंच आहे तर माझे पहिले पंधरा दिवस ऐका. नंतर पुष्कळ गमती झाल्या, पण त्या पंधरा दिवसांची सर कशालाच नाही.

*

त्याआधीचं वर्ष बेकार गेलं होतं. मी जालन्यात फिटर. प्रेसखाली उजव्या हाताची दोन बोटं गेली. पुढं जिथं काम मागायला जाईन तिथले मालक आधी हाताकडं बघायचे, मंग चहा पाजायचे अन् गोड बोलून वाटेला लावायचे. वर्षभर नुसता चहा पिलो.

बदनापूरच्या कारखान्याचे मालक इरफानभाई, त्यांनी मात्र चहा विचारलाच नाही. काडेपेटीएवढा एक रणगाडा हातात दिला अन् म्हणाले, ह्याची तोफ काढा, दुसरी बसवा. परदेशात मोठी माणसं टेबलावर असले रणगाडे मांडून लढाई खेळतात म्हणे. त्यांना एकाच रणगाड्यावर आज तोफ हवी, उद्या रॉकेट. ही बदलायची हत्यारं भाईंच्या एका खोलीत तयार होतात.

मी जुनी तोफ काढली, नवी लावली. तोफ नखाएवढी, अन् माझ्या उजव्या हाताला बोटं तीन. भाईंनी हाताकडं पाहिलं, तोफेकडं पाहिलं.

"पंधरा दिवस बघू," म्हणाले. "जमलं तर नोकरी कायम, न्हाई जमलं तर दोस्ती कायम."

दोस्ती मला पुष्कळ होती. नोकरी पाहिजे होती. घरी बायको रोज संध्याकाळी बोटावर दिवस मोजायची.

*

खोलीत चार बायका. त्यांच्यात मोठ्या कडूबाई मावशी. चौघी आधी कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगला जायच्या. कळी अलगद सोलायची, दुसऱ्या फुलाचा पराग तिला लावायचा, अन् फूल दुखवायचं नाही. तिथं तयार झालेली ती बोटं. इथं त्या तोफेच्या बुडात तिळाएवढं चुंबक बसवायच्या. चुंबकामुळंच तर तोफ निघते अन् लागते.

दुसऱ्या दिवशी माझ्या हातून वीस चुंबकं सांडली. मी दुपारभर रांगत होतो. झाडू मारला, चाळणी लावली, भाईंची चप्पल झटकली. एकही सापडेना. माझे पंधरा दिवस दोनातच संपले असं धरून चाललो होतो.

चार वाजता मावशींनी बाकाखाली उघडी राहिलेली चंची उचलली, सुपारी काढली, अडकित्ता काढला. वीसच्या वीस अडकित्त्याला बिलगलेली!

मावशींनी एकेक काढून माझ्या तळहातावर ठेवलं. विसावं ठेवून म्हणाल्या, "भाऊ, आता तरी मला सुपारी खाऊ द्या."

*

मधल्या रविवारी सासरवाडीला, पिंपळगाव रेणुकाईला गेलो. सासऱ्यांनी जावयाला काम लागल्याच्या खुशीत गावभर सांगून ठेवलेलं, आमचे जावई तोफा करून राह्यले. कच्चं काम आहे, पंधरा दिवसांचं आहे, हे सांगायचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

जेवताना शेजारचे एक काका आले. बराच वेळ पिकापाण्याचं बोलले. मंग हळू आवाजात म्हणाले की, मक्यात रानडुकरं घुसून राह्यली, तुमची एखादी लहानशी तोफ असली तर बघा, जो काही खर्चा असंल तो देऊ.

मी शर्टाच्या खिशातून नमुन्याची तोफ काढून त्यांच्या हातावर ठेवली. काकांनी ती उलटी-सुलटी पाहिली. चष्मा पुसून परत पाहिली.

"चांगली हाय," म्हणाले. "पण आधी डुकराला दिसली पाहिजे न."

*

आता खरा किस्सा.

चुंबकाला दोन तोंडं असतात. रणगाड्यात एक तोंड वर असेल, तर तोफेचं त्याच्या बराबर उलटं पाहिजे. चुकलं की तोफ चिकटायच्या ऐवजी उडी मारून पळते. म्हणून बायकांकडं एकेक दांडी असते, टोकाला चुंबक लावलेली. तिनं उचललं की चुंबक दर वेळी एकाच तोंडानं येतं. तसंच भोकात दाबायचं, काम झालं.

जुन्या दांड्या झिजल्या होत्या. पाचव्या दिवशी भाईंनी मला चार नव्या करायला सांगितल्या, कारण त्याच दिवशी तीनशे तोफांची ऑर्डर सुरू होणार होती. रणगाडे गिऱ्हाइकाकडं आधीच पोचलेले, आता फक्त तोफा पाठवायच्या. मी फाइल चालवली, पॉलिश मारलं. तीन बोटांनी केलेलं वर्षातलं पहिलं काम. मावशींना दांड्या दिल्या तेव्हा माझी छाती फुगली होती.

पण बायकांचं काम मला काही पटेना. दांडीनं चुंबक उचलायच्या, ते डाव्या नखावर उलटं करायच्या, अन् मंग लाकडी काडीनं भोकात दाबायच्या. चौघी तसंच. दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी बोललोच. एवढी चांगली दांडी करून दिली, सरळ लावायचं सोडून हे नखरे कशाला, काम जल्दी होत नाही याच्यानं!

शेजारच्या टेबलावर भाई बसलेले. मावशी खालीच बघून म्हणाल्या, "बोटाला सवय हाय भाऊ." बाकीच्या तिघी तोंडाला पदर लावून बसल्या.

पंधराव्या दिवशी सकाळी तीनशे तोफा खोक्यात भरून तयार. बाक झाडताना मला एक जुनी दांडी सापडली. सहज म्हणून नवीच्या टोकाला टेकवली. दोन्ही सारख्या असत्या तर त्यांनी एकमेकीला ढकललं असतं. त्या गच्च चिकटल्या.

बाकीच्या तीनही टेकवून पाहिल्या, त्याही चिकटल्या. चारही दांड्या उलट्या. म्हणजे तीनशे तोफा उलट्या. तिकडं गिऱ्हाईक तोफ लावायला जाणार अन् ती उडून पडणार.

भाईंनी तेवढ्यात कपाटातून नमुन्याचा रणगाडा काढला, माल तपासायला. मी पुढं झालो अन् सांगून टाकलं, "भाई, दांड्या माझ्या हातून उलट्या झाल्या. सगळा माल गेला."

भाईंनी खोक्यातून एक तोफ उचलली, रणगाड्याजवळ नेली. टक. बसली. दुसरी घेतली. बसली. पुरत्या तीस लावून पाहिल्या, तीसच्या तीस बसल्या.

"कुठं उलट्या?" भाई म्हणाले. "उद्यापासून नऊला या. अन् घाबरणं जरा कमी करा."

मी खोक्याकडं बघितलं. मंग बायकांच्या डाव्या हाताच्या नखांकडं बघितलं.

मावशींजवळ जाऊन बसलो.  हळू आवाजात विचारलं, "मावशी, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं? मंग मला सांगितलं का न्हाई?"

मावशींनी चंची सोडली, सुपारी अडकित्त्यात धरली.

"तुमचे पंधरा दिवस चालू होते न भाऊ."