दोन घोटांचे नऊ गुण

ज्यूसच्या कारखान्यात मालकांपासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना काकूच म्हणत. काकूंचं काम चाखायचं. एक नाही, दोन नाही, बावीस वर्षं. बाहेरच्या माणसाला वाटायचं, काय चैन आहे बुवा! बसल्या जागी ज्यूस प्यायचा आणि वर पगारही घ्यायचा. असं कुणी तोंडावर बोललं की काकूंचा पारा चढायचा.

"या ना एक दिवस बसायला," त्या म्हणायच्या. "सकाळपासून पोटात कांदा नाही, लसूण नाही. अंगाला वासाचा साबण नाही, केसांना तेल नाही. सर्दी झाली की हजेरीच नाही. या, या!"

चाखायची खोली पांढरीशुभ्र होती. भिंतीला लागून सहा कप्पे, प्रत्येकात एक खुर्ची, एक दिवा आणि एक छोटं बेसिन. समोरच्या झडपेतून कागदी पेले यायचे, त्यांवर नुसते आकडे. कुठल्या पेल्यात काय आहे ते चाखणाऱ्याला कळता कामा नये. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, मनात दहा मोजायचे आणि थुंकायचं. मग कोमट पाण्यानं चूळ भरायची आणि दुसरा घोट. दोन घोट झाले की कागदावर दहापैकी गुण लिहायचे, बस्स. काकूंनी ज्याला आठच्या वर गुण दिले तो माल बाजारात पडून राहिला, असं आजवर झालं नव्हतं. मालक पाहुण्यांना कारखाना दाखवताना यंत्रं दाखवायचे आणि मग काकूंना दाखवायचे. काकू वरवर "काहीतरीच काय साहेब" म्हणायच्या, पण त्या दिवशी घरी जाताना त्यांची चाल जरा बदलायची. का बदलू नये?

या सवयीची एक गंमत घरातही होती. काकूंच्या हातात कसलाही पेला द्या, दोन घोट घेऊन त्या तो खाली ठेवायच्या. घरी थुंकायच्या नाहीत एवढंच. मग काका हात पुढे करायचे. काका टपाल खात्यातून निवृत्त झालेले, अन्न वाया गेलेलं त्यांना खपायचं नाही. बावीस वर्षं बायकोचा उरलेला पेला त्यांनीच संपवला होता. "माझं पोट सुटलंय ते तुझ्या नोकरीमुळं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

तर झालं असं. कारखान्याचा मुख्य माल म्हणजे संत्र्याचा ज्यूस, सालीचा किंचित कडवटपणा असलेला. तो बदलून नवा काढायचं घाटत होतं. नवा जास्त गोड होता आणि कडवटपणा अजिबात नव्हता. संशोधनवाल्या मॅडम वर्षापूर्वीच आल्या होत्या, हुशार आणि कामाला वाघ. त्यांनी दोन्ही ज्यूस चाखायला ठेवले. सहाच्या सहा जणांनी नव्याला जास्त गुण दिले. काकूंनी जुन्याला सात दिले आणि नव्याला नऊ. बाजारात, बसथांब्यावर टेबलं मांडून मॅडमनी पाचशे लोकांना छोटे पेले पाजले, तिथंही नवाच जिंकला. पुढच्या शुक्रवारी बैठक होऊन शिक्का बसणार होता, की जुना ज्यूस कायमचा बंद. नवी लेबलंसुद्धा छापून आली होती.

काकूंनी कौतुकानं नव्या ज्यूसच्या चार बाटल्या घरी आणल्या. दुसऱ्या दिवशी फ्रीज उघडला तर तीन बाटल्या अर्ध्या भरलेल्या, झाकणं घट्ट लावून मागे सारलेल्या.

"अहो, हे काय? तुम्ही आणि बाटली अर्धी?"

"ठेवलीय. पिईन नंतर."

"आवडला नाही का?"

"आवडला ना! झकास आहे," काका म्हणाले आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

काकू फ्रीजचं दार उघडं टाकून तशाच उभ्या राहिल्या. ज्या माणसानं बावीस वर्षांत थेंब सोडला नाही, त्यानं तीन बाटल्या अर्ध्या सोडल्या? त्यांनी उरलेली चौथी बाटली फोडली, पेला काठोकाठ भरला आणि खुर्चीवर बसून प्यायला सुरुवात केली. पहिला घोट सुरेख. दुसराही सुरेख. पाचव्याला जीभ जड झाली, आठव्याला पाणी हवंसं वाटायला लागलं. त्यांनी पेला अर्ध्यावरच खाली ठेवला. आपण बावीस वर्षं ज्यूस चाखतोय, पण एक आख्खा पेला कधी प्यायलोच नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

पण एका पेल्यावरून बोलायचं कसं? इमारतीत बारा घरं होती. भांडारातून चाचणीच्या मालातल्या बारा बाटल्या मागून आणून काकूंनी घरोघरी एकेक दिली. "पिऊन बघा, बाटली तेवढी परत द्या," एवढंच सांगितलं. कुणाच्या बाटलीत किती उरतंय ते स्वयंपाकघरातल्या मापानं मोजायचं, असा त्यांचा बेत. रविवारी सकाळी बाटल्या परत आल्या. बाराच्या बारा स्वच्छ धुतलेल्या, पुसलेल्या, लखलखीत! वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या वहिनींनी तर लेबलसुद्धा भिजवून काढलं होतं.

"काकू, ज्यूस एकदम छान होता हं!"

"संपवलात?"

"म्हणजे काय! तुम्ही दिलेला आणि आम्ही टाकू?"

काकूंनी कपाळावर हात मारला. शेजारणीचं भांडं खरकटं परत करायचं नाही हे त्यांनीच लेकीला शिकवलं होतं, आणि बरोब्बर तेच विसरल्या! तोंडावर विचारलं तर लोक गोडच बोलणार.

काका दाराशी उभे राहून हसत होते. "विचारायचं कशाला त्यांना? टपालपेटी कुणाला विचारते का? लोक टाकतात तेवढं घेते."

म्हणायला थट्टाच होती ती, पण काकूंना रस्ता सापडला. त्याच संध्याकाळी भांडारातून आणलेली दोन खोकी जिन्याच्या खाली मांडली गेली. एकात चोवीस बाटल्या जुन्या ज्यूसच्या, एकात चोवीस नव्याच्या. वर पाटी लावली, 'हवी ती घ्या, हवं तितक्या वेळा या. बाटली परत नको.' आणि काकू तिकडे फिरकायच्याही बंद झाल्या. फक्त रोज कामावरून येताना मोजायच्या.

सोमवारी नव्याच्या नऊ गेलेल्या, जुन्याच्या चार. काकूंचा जीव भांड्यात पडला. म्हणजे आपलेच गुण बरोबर, उगाच डोक्याला ताप करून घेतला! मंगळवारी नव्याच्या एकूण अकरा. बुधवारी अकराच. आणि जुन्याच्या सतरा. गुरुवारी संध्याकाळी जुन्याचं खोकं रिकामं, नव्यात मात्र तेरा बाटल्या तशाच. जवळजवळ घरटी एकेक बाटली हौसेनं गेली होती, पण दुसऱ्यांदा त्या खोक्याकडे कुणी वळलं नव्हतं.

काकूंचं जेवणात लक्ष नव्हतं. दोन वर्षांनी त्या निवृत्त होणार होत्या. आजवर कुणी बोट दाखवलं नव्हतं, आणि आता सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं की माझे नऊ गुण फुकट गेले? पुढे मालक पाहुण्यांना काय दाखवणार? नाही सांगितलं तर मात्र लेबलं चिकटणार, जुना ज्यूस जाणार आणि नवा दुकानादुकानांत पडून राहणार.

"गप्प बसलीस तर कुणाला कळणार नाही," काका म्हणाले.

"मला कळेल ना!" काकू कडाडल्या.

"मग झालं तर. भाजी वाढ."

शुक्रवारी बैठकीत काकू उभ्या राहिल्या. फ्रीजपासून खोक्यांपर्यंत सगळं त्यांनी सांगितलं, धुतलेल्या बाटल्यांसकट. मॅडमचा चेहरा उतरला.

"पण काकू, नव्याला नऊ गुण तुम्हीच दिलेत."

"दिले ना. आत्ता दोन घोट द्या, पुन्हा नऊच देईन. पण घरी दोन घोट घेऊन कोण थांबतं हो? मी सोडून!"

"बारा घरं म्हणजे फारच थोडी होतात," मॅडम म्हणाल्या.

 मालकांनी नव्या ज्यूसच्या सात बाटल्या मागवल्या आणि प्रत्येकासमोर एकेक ठेवली. "प्या. आणि आपण लेबलांचं बोलू." तासभर बोलणं चाललं. लेबलांचं झालं, वाहतुकीचं झालं, बाटल्यांच्या भावाचं झालं. शेवटी मालकांनी टेबलावर नजर फिरवली. एकही बाटली संपली नव्हती. त्यांची स्वतःची तर गळ्यापर्यंत भरलेली होती.

"लेबलं तूर्त बाजूला राहू द्या," ते म्हणाले. "मॅडम, बारा थोडी असतील तर दोनशे घरं करा. काकूंना बरोबर घेऊन जा."

बाहेर आल्यावर मॅडम थांबल्या. काकूंना वाटलं, आता ही पोर चिडणार. मॅडमनी वही उघडली. "काकू, पाटीवर नेमकं काय लिहिलं होतंत? आणि खोकी शेजारीशेजारी होती की लांब?" काकूंना इतकं बरं वाटलं की त्यांनी मॅडमच्या पाठीवरून हात फिरवला.

दोनशे घरांचं काम दीड महिना चाललं. काकू इतके जिने चढल्या की गुडघे बोलायला लागले, पण त्यांनी तक्रार एकदाही केली नाही. निकाल बारा घरांसारखाच आला. जुना ज्यूस राहिला. मालकांनी चाखायच्या खोलीबाहेर एक टेबल आणि चार साध्या खुर्च्या टाकल्या. तिथं पूर्ण पेला प्यायचा, गप्पा मारत, आणि गुण नंतर लिहायचे. पाहुणे आले की आता ते टेबलही दाखवतात, शेजारी काकू असतातच.

निकाल आला त्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी काकांनी जुन्या ज्यूसचे दोन पेले भरले. काकू खिडकीशी बसून लेकीशी फोनवर बोलत होत्या, खोक्यांची कथा चौथ्यांदा सांगत होत्या. काकांनी आपला पेला संपवला, मिशी पुसली आणि नेहमीसारखा न बघताच हात पुढे केला. काकूंनी त्यांच्या हातात पेला ठेवला.

काकांनी तो तोंडाला लावला. मग खाली घेऊन आत पाहिलं.

"अगं," ते म्हणाले, "हा रिकामा आहे."