ट्रॉलीत लिहिलेली दुरुस्ती

एवढ्या विद्वान माणसाबद्दल मी लिहितोय, चुकलं तर माफ करा; आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

दिग्रसजवळ कापूस वेचून परतताना आमच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कायद्याचे एक प्राध्यापक बसायचे. ट्रॉली उलटली तर आतल्या मजुरांना विमा मिळत नाही. तो मिळावा, म्हणून ते सरकारी समितीपुढे ठेवायला कायद्यातली दुरुस्ती लिहीत होते. बाया त्यांना कापसाच्या गाठोड्यावर बसवत; खड्डा आला की पेन कागदाबाहेर जाई.

“सर, कायले हाडं मोडून घेता? घरी बसून लिहा ना,” माय म्हणाली.

“आधीच्यांनी घरी बसूनच लिहिलं, बाई. म्हणून तुम्ही राहून गेल्या.”

परवा ट्रॉलीतच त्यांना फोन आला: समितीने दुरुस्ती मान्य केली.

“मंग आता बिनधास्त पडाचं काय, सर?” मायनं विचारलं.

“नाही, नाही, धरून बसा!” सर ओरडले.