बाबांचा आवाज मीच गाळला

आमच्या गावच्या पावर हाउस रेल्वे स्टेशनवर बाबा पहिली पाळी संपवून थेट आले होते. पायात प्लांटचे जाड सेफ्टी शूज, हातात रिकामा टिफिन. दिल्लीची गाडी यायची होती आणि तिथून मी पीएचडीसाठी फिनलंडला निघाले होते. बाबा स्टील प्लांटच्या मिलमध्ये कामाला. तिथे शेजारच्या माणसालाही ओरडून सांगावं लागतं, त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही भांडण वाटावं इतकं मोठं. "पोचली का पैले फोन करजो, मंग बाकीचं," ते सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं सांगत होते. लोक वळून बघायला लागले. मी दबक्या आवाजात म्हटलं, हळू बोला ना बाबा. त्यानंतर गाडी हलेपर्यंत ते नुसता हात हलवत राहिले.

रुआबांध्याच्या, प्लांटच्या क्वार्टरमध्ये आमची मराठी दाराच्या आतच असायची. उंबऱ्याबाहेर पाय पडला की हिंदी. इथे फिनलंडला लॅबमध्ये इंग्रजी, दुकानात मोडकीतोडकी फिनिश, आणि मराठी फक्त रविवारी, फोनवर. तिकडे असताना घरी बोलायचा कंटाळा यायचा. इकडे आल्यावर कळलं की बोलायला दुसरं माणूसच नाही.

माझं संशोधन काय, हे आईला मी कधी धड सांगू शकले नाही. खरं तर सोपं आहे. फोनमध्ये शिरलेल्या आवाजातून नको ते आधी काढून टाकायचं, ते फिल्टरचं काम. उरलेलं अशा रीतीनं बांधून पाठवायचं की वाटेत थोडं बिघडलं तरी पलीकडे दुरुस्त करून घेता यावं, ते कोडिंगचं. वाटेत हरवलेलं परत जुळवता येतं, यावर माझा सगळा प्रबंध उभा आहे. पण फिल्टरनं पाठवण्याआधीच काढून टाकलेलं मुळात पुढे जातच नाही. ते कुठलंही कोडिंग परत आणू शकत नाही. हे मी विद्यार्थ्यांना शिकवतेही.

बाबा रिटायर झाले, जुनवानीला घर घेतलं, आणि हळूहळू त्यांचे कान गेले. फोनवरचं त्यांना काही ऐकू येईना. मग रविवारी आई फोन धरायची आणि बाबा पलीकडे कूलरजवळच्या दिवाणावर बसून तिथूनच बोलायचे. माझं उत्तर आई त्यांच्या कानाशी जाऊन सांगायची. त्यात कूलरची घरघर, टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या. आईचं अर्धं बोलणं मला कळायचं नाही. म्हटलं, एवढं शिकलेय ते घरच्या कामी येऊ दे. आईच्या आवाजाचे नमुने घेतले, तेवढा एकच आवाज ठेवायचा असं फिल्टरला शिकवलं आणि तो इथूनच तिच्या फोनमध्ये टाकून दिला. आधीचं आणि नंतरचं ध्वनिमुद्रण लॅबमध्ये वाजवून दाखवलं, तेव्हा सगळे खूश झाले. मी तर फारच गुणी मुलगी झाले होते.

पुढचे आठ महिने आई अगदी शेजारी बसल्यासारखी ऐकू यायची. बाबा कसे आहेत, मी विचारायचे. बरे आहेत, ती म्हणायची.

मे महिन्यात घरी गेले. बाबा माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसे वागत होते. प्रवास कसा झाला ते विचारलं आणि कुंड्यांना पाणी घालायला निघून गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटताना आई मान वर न करता म्हणाली, "तू त्याईच्यासंग बोलणं कावून सोडलं? दर इतवारी मागून इचारत होते. तू एकदा बी उत्तर नाही देल्लं. आता त्याईनं इचारणंच बंद केलं. म्हणते, पोरीले माह्या आवाजाची लाज वाटते."

मी तशीच उठले. खोलीत जाऊन लॅपटॉप उघडला आणि ते जुनं, फिल्टर लावण्याआधीचं ध्वनिमुद्रण लावलं. कूलरच्या घरघरीतूनही बाबा स्वच्छ ऐकू येत होते : "इचार तिले, तिकडं दिवसभर अंधार राह्यते म्हणे. करमते का?" हे मी कितीदा ऐकलं असेल, मोजदाद नाही. प्रत्येक वेळी गोंगाट किती कमी झाला तेच बघत होते.

अंगणात बाबांच्या कानाशी तोंड नेऊन, ओरडून ओरडून सगळं सांगितलं. शेजारीपाजारी बघत होते, बघू दे. मिलमधल्या बिघाडाची चौकशी करावी तसं त्यांनी दोन-तीनदा नीट विचारून घेतलं आणि त्यांचा चेहरा सैलावला. "मंग मशीनची गलती हाय," ते म्हणाले. "तुही नाही."

मी मान डोलावली. खरं बोलायची हिंमत झाली नाही. आठ महिने बाबांचा आवाज आला नाही आणि मला त्याची उणीव जाणवली नाही. एकदाही म्हटलं नाही की बाबा कुठायत, ते का बोलत नाहीत. मशीनला मी जेवढं शिकवलं तेवढंच ते शिकलं. बाबांना गाळायचं मला कोणी शिकवलं होतं?

माझ्यासारखे निघून आलेले असाल तर तुमच्याही फोनच्या मागे असं कोणीतरी बसलेलं असेल. शहाणपण शिकवायचा हक्क मला नाही. फिल्टर मी काढून टाकलाय. रविवारी कूलर, टीव्ही, कुकर, सगळं येतं. बाबाही येतात, पण पूर्वीसारखे एकदम बोलत नाहीत. आधी आईला विचारतात, "बोलू का? जाईल का तिले ऐकू?" मला ते स्पष्ट ऐकू येतं. मी इकडून म्हणते, बोला ना बाबा. ते त्यांना ऐकू जात नाही. आई उठून त्यांच्या कानाशी जाते, सांगते, तोवर मी फोन धरून थांबते. घर म्हणजे माझ्यासाठी आता एवढंच थांबणं. पलीकडे माझे बाबा माझ्याशी बोलायची परवानगी मागत असतात, आणि ती मागायची वेळ त्यांच्यावर मी आणलेली असते.