गुडघ्यांमधला रुमाल

सिंगापूरला बर्फ पडत नाही, पण स्कीइंग शिकता येतं. उतारावर बसवलेलं कार्पेट खालून वर फिरत राहतं आणि आपण त्यावर जागच्या जागी घसरतो. लेकीच्या शाळेची सहल जपानला निघाली होती. इथली परीक्षा पास होतील त्यांनाच डोंगरावर नेणार, बाकीचे खाली हॉटेलात. तिला डोंगरावर जायचं होतं. दर शनिवारी बायको तिला क्लासला न्यायची.

मी कॉलेजात असताना हिमाचलात पंधरा दिवस स्कीइंग केलं होतं. तेवढ्या भांडवलावर मी घरीच वेगळा क्लास काढला. हॉलमध्ये तिला वाकवून उभं करायचं, दोन गुडघ्यांमध्ये माझा रुमाल, आणि तो पडता कामा नये. आम्हाला असंच शिकवलं होतं. पाय चिकटलेले, वळताना अंग वर उचलायचं आणि स्कीची मागची टोकं फिरवायची.

"बाबा, सर पाय लांब ठेवायला सांगतात."

"सरांना काय कळतंय. तू रुमाल सांभाळ."

सरांना खोटं पाडायला म्हणून मी चांगी विमानतळाजवळच्या ऑफिसात लंचच्या वेळी जुने-नवे व्हिडिओ शेजारी शेजारी लावून बघितले. जुन्या स्की लांब आणि सरळ, त्यांना ओढूनताणून वळवावं लागायचं. नव्या आखूड, कमरेत बारीक. नुसत्या कडेवर कलवल्या की आपणहून वळतात, पण कलवायला पायांमध्ये जागा लागते. म्हणजे सर बरोबर होते. हे मला मंगळवारी कळलं. शनिवारी परीक्षा होती, तरी मी तिला ते सांगितलं नाही. आपण चुकलो हे म्हणायला माझी जीभ रेटत नाही, बायकोला विचारा.

परीक्षेला मी पहिल्यांदाच गेलो, कठड्यापाशी उभा राहिलो. तिने गुडघे घट्ट आवळले. पहिल्याच वळणावर स्की आडव्या घसरल्या आणि ती आपटली. सरांनी कार्पेट थांबवून विचारलं, असं कुणी शिकवलं?

तिने माझ्याकडे बघितलं आणि इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "नोबडी, लाह."

मी वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो.

सरांनी आणखी एक संधी दिली. या वेळी तिने पाय लांब ठेवले आणि सगळी वळणं सहज घेतली. पास झाली.

परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी विचारलं, "येत होतं तर आधीच तसं का नाही केलंस?"

"तू बघत होतास ना."

मला लाज वाटली. दोन स्टेशनं गेल्यावर मी तिला मंगळवारचं सगळं सांगितलं.