तो बंद करतो ते कौतुकाचं, मी करते ती कंजुसी!

मैत्रिणींनो, आज दुपारपासून माझा जीव जळतो आहे. तोही कुणा माणसावर नाही, एका एआयवर.

माझी लेक रश्मी घरूनच कंपनीचं काम करते. तिनं मला सांगितलं ते असं: कंपनीच्या एका मोठ्या मशीनच्या पोटात पुष्कळ आभासी मशिनी चालतात आणि त्या सगळ्या सांभाळायला एक सर्व्हर असतो. कोड लिहून देणारा तिचा एआय आज तिनं त्या सर्व्हरला जोडला.

जोडल्याबरोबर त्यानं विचारलं, काही मशिनी रिकाम्याच चालू आहेत, बंद करू का?

रश्मीनं टाळीच वाजवली. "वा रे माझ्या राजा! किती काळजी याले!"

आणि मी तिच्या रिकाम्या खोलीतला पंखा बंद केला की ओरडते, "आई, काहून बंद केला वो? आत्ताच येऊन राहिली ना मी!"

मी म्हटलं, "मीबी तेच करतो ना? मले कधी राजा म्हटलं का?"

ती हसली. "आई, तो विचारून बंद करते. तू कुठं विचारते?"

संध्याकाळी जपाला बसले. माळ हातात, कान तिच्या खोलीकडे. आतून आवाज आला, "हो रे बाबा, कर बंद. थँक्यू हं."

मला राहवलं नाही. जागेवरूनच विचारलं, "रश्मी, अंगणातला लाईट बंद करू का वो?"

"आई! हे का विचारायची गोष्ट आहे? काम करून राहिली ना मी!"

आता तुम्हीच सांगा बायांनो, विचारायचं की नाही?