चिमट्यातून सुटलेली नस

माझा बाप बैल बडवायचा. म्हणजे गोऱ्हा वयात आला, गायींच्या मागं लागायला लागला, की त्याला खच्ची करायचा. त्याशिवाय जनावर औताला सरळ चालत नाही. मोताळ्याच्या बाजूच्या दहा-बारा खेड्यांत हे काम त्याच्याच हातचं. चार माणसं दोर टाकून गोऱ्हा पाडायची, पाय आवळायची, एक जण शिंगं दाबून मुंडीवर बसायचा. मग बाप गोळ्यांच्या वरची नस दोन दांड्यांमध्ये धरायचा आणि लाकडी मोगरीनं ठेचायचा. त्या वेळी जो हंबरडा निघायचा तो ज्यानं ऐकला नाही, त्याला काय सांगावं! जनावर माती चाटायचं, डोळे पांढरे करायचं, शेण टाकायचं, आणि बाप आपला ठक ठक ठोकत राहायचा. वरून त्याच्याशी गोड बोलायचा, "झालं रे राजा, झालं. आता तू कामाचा झाला." मला त्या गोड बोलण्याचीच जास्त चीड यायची.

आणि मी, त्याचा एकुलता एक पोरगा, लागलो ढोरांच्या दवाखान्यात. महाराष्ट्र नुकताच झाला होता. दवाखान्याच्या पाटीवरचं जुनं राज्य पुसून नवं राज्य लिहिलं होतं, खालून जुनी अक्षरं अजून दिसत होती. माझं पद कागदावर व्रणोपचारक. ते कोणाच्याच तोंडात बसेना, म्हणून मी झालो कंपाउंडर. काम काय, तर जखमा धुवायच्या, त्यातले किडे काढायचे, टिंचर लावायचं, लाथा खायच्या. आणि चिमटा चालवायचा.

हा चिमटा म्हणजे हातभर दांड्यांची लोखंडी सांडशीच. जनावर खोड्यात, म्हणजे लाकडी चौकटीत, उभं करायचं, कातडीच्या बाहेरून नस पकडायची आणि दांडे दाबायचे. आत नस चेचली जाते, बाहेर रक्ताचा थेंब नाही. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. पुढं महिना-दीड महिन्यात आतले गोळे आपोआप सुकतात. आमचे डॉक्टर पुण्याकडचे, आमची बोली ऐकून गालात हसायचे, पण माणूस कामाला पक्का. ते रोज बजावायचे, "आधी बोटांनी नस धरा. ती निसटते. बोटांत आली की मगच चिमटा." मी हो हो म्हणायचो. मला वाटायचं, ज्याच्या बापानं जन्मभर हेच केलं त्याला हे काय शिकवतात!

गावात लोकांना चिडवायला विषयच मिळाला. "काय बुढ्या, पोरानं तुही मोगरी चुलीत घातली म्हणते!" बाप हसायचा, म्हणायचा, "घालू दे ना बापा, सैपाक तं होईन." घरात मात्र आम्ही दोघं या विषयावर बोलत नव्हतो. दोन वर्षांत त्याच्याकडं कोणी गोऱ्हा आणला नव्हता. मला त्याचा आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू.

त्या चैत्रात आमच्याच गावचा एक मिरची लावणारा शेतकरी त्याचा गोऱ्हा घेऊन आला. मी त्याला काका म्हणायचो. त्याच्या जोडीतला एक बैल आदल्या पावसाळ्यात फऱ्या रोगानं गेला होता. मांडी सुजली, हात लावला की आत कुरकुर वाजायचं, आणि दुसऱ्या दिवशी खलास. राहिलेल्या बैलाला जोड म्हणून हा घरच्या गायीचा गोऱ्हा तयार करायचा होता. मृगाला पेरणी, तोवर गोऱ्हा शांत होऊन औताला लागलाच पाहिजे, नाहीतर वावर पडीक. हे त्यानं मला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागला तेव्हा मी म्हणालो, "काका, समजलं. मी काय बहिरा हाओ?"

ऊन मरणाचं होतं. सकाळपासून मी लाथा खात होतो. हा गोऱ्हा खोड्यात घालताना त्यानं असा पाय झाडला की माझ्या गुडघ्यातून कळ थेट डोक्यात गेली. माझं डोकं फिरलं. काठी घेतली आणि त्याच्या नाकाडावर दोन, कानशिलावर दोन हाणल्या. नाकातून रक्त आलं. काका "अबे अबे, जीव घेतं का त्याचा!" म्हणत मधे पडला, त्यालाही मी ढकललं. मग उजवीकडं चिमटा लावला, तो नीट बसला. डावीकडं लावायला गेलो तर जनावर उसळ्या मारत होतं. मी बोटांनी चाचपलं न चाचपलं आणि रागारागानं दांडे दाबले. कट् आवाज झाला. झालं, म्हणलं, सुटलो.

"येवढ्यात झालं?" काका म्हणाला. "रगत नाई, बोंब नाई. तुह्या बापाच्या हाताखाली कसं गाव गोळा व्हायचं."

"तुम्हाले बैल पाहिजे का बोंब पाहिजे? जा घेऊन!"

वैशाख सरता सरता काकाचा निरोप आला की गोऱ्हा लाकडासारखा झालाय, चालत नाही. डॉक्टर आणि मी सायकलींवर गेलो. गोठ्यात गोऱ्हा चारी पाय फाकून उभा होता, जमिनीत मेखा ठोकाव्यात तसा. शेपटी वर ताठ. डोळ्यावर आतलं पांढरं कातडं आलेलं. जबडा असा मिटलेला की फाळ घातला तरी उघडला नसता. डॉक्टरांनी हातातली पेटी खाली ठेवली, तेवढ्या आवाजानं तो थरथर कापला आणि कुशीवर धाडकन पडला. धनुर्वात. मी मागं जाऊन पाहिलं तर डाव्या बाजूची पिशवी फाटलेली, सुजलेली, आणि वर शेण थापलेलं.

"हे कोणं केलं?" मी ओरडलो.

काका खाली मान घालून म्हणाला, "तुह्याच बापानं. लोक हासत व्हते बे. म्हणे पिशवी तं तशीच लोंबते, कंपाउंडरनं काई केलंच नाई. म्हणून बुढ्याले दाखवला. त्यानं चाचपलं, गप बसला. मंग म्हणे उद्या सकाळी आणजो, मी पुरं करून देतो, पण माह्या पोराले सांगू नको. कातडी फाटली, तं मी शेण लावलं."

पोराले सांगू नको! माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे बुढ्याच्या पोटात ही जळजळ होती! मी डॉक्टरांना न सांगता सायकल काढली आणि घर गाठलं.

बाप अंगणात बसून अंबाडीचा दोर वळत होता. मी सायकल तशीच टाकली. एक शब्द न बोलता त्याच्या तोंडावर ठोसा मारला. तो मागं पडला. मी त्याच्या छातीवर गुडघा दिला आणि आणखी मारलं. किती, ते माहीत नाही. "जळतं का बे माह्यावर? बैल मारला तू! लोकायचा बैल मारला!" बापाला मी अबे म्हणालो, बे म्हणालो, त्याच्याहून वाईट म्हणालो. माय धावत आली, माझ्या पाठीवर फुकणीचे फटके देत ओरडत होती, "अरे बाप हाय तो तुहा! सोड, मुडद्या, सोड!" मी सोडलं. आत गेलो, मोगरी आणि दांड्या बाहेर आणल्या आणि कुऱ्हाडीनं त्यांच्या ढलप्या केल्या. बाप उठून बसला. तोंडातून रक्त आणि एक दात हातावर घेतला, पाहिला, बाजूला ठेवला. माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. त्यानं दोर ओढून घेतला आणि वळायला लागला.

गोऱ्हा चार दिवस झुंजला. धनुर्वातावरचं औषध बुलढाण्याहून यायचं होतं, ते आलं तेव्हा उशीर झाला होता. त्याला पाणी गिळता येत नव्हतं. माणूस शिंकलं तरी झटका यायचा. झटका आला की पाठ कमानीसारखी वाकायची, मुंडी जमिनीवर आपटायची, शिंगाच्या मुळातून रक्त यायचं. खाली गवत घालायचो, तो झटक्यात उडवून लावायचा. काकाची बायको त्याच्या तोंडाजवळ बसून रडायची, काका तिला हाकलायचा आणि स्वतः तिथंच बसायचा. चौथ्या दिवशी दुपारी गोऱ्ह्याचा श्वास छातीतच अडकला. काका, डॉक्टर आणि मी पाहत होतो. काका म्हणाला, "गेला माहा बैल." आणि भिंतीवर डोकं आपटायला लागला. त्याला मी धरलं.

डॉक्टरांनी जनावर वावराच्या कडेला नेऊन फाडायला सांगितलं. सुरी मीच धरली होती. आधी उजवी बाजू उघडली. गोळा सुकून सुपारीएवढा झालेला, वरची नस चिमट्यानं चेचलेली, मेलेली. मग डावी. डावा गोळा भरलेला, मोठा. वर मोगरीचा ताजा ठेचा. डॉक्टर वाकले, त्यांनी बोटानं कातडीवरचा माझ्या चिमट्याचा जुना वण दाखवला आणि त्याच्या मागची नस बाहेर ओढली. नस तिथं सलग होती. साधा ओरखडा नाही.

"ही तुमच्या चिमट्यातून निसटली होती," ते म्हणाले. "तुम्ही नुसती कातडी चेपलीत. ज्यानं नंतर ठेचलं, त्याच्या बोटांना हे कळलं होतं."

 डॉक्टर इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाले, "मृत्यू धनुर्वातानं झाला, तेवढंच मी लिहितो. बाकी इथंच राहू द्या. बाहेर गेलं तर उद्यापासून एकही जनावर दवाखान्यात यायचं नाही."

घरी गेलो तर बाप भाकर दुधात कुसकरून खात होता. तोंड अजून सुजलेलं होतं. मी त्याच्यासमोर बसलो. म्हणालो, "बा, तू बोलला काऊन नाई?"

"काय बोलू?"

"नस सुटली व्हती म्हणून."

त्यानं घास गिळला. "बोललो असतो तं काका गावभर सांगत फिरला असता. तुले कोणं हात लावू देल्ला असता ढोराले? म्हणलं, चुपचाप पुरं करून देतो. पण दोन वरसानं मोगरी धरली ना मी. वाकडी बसली." मग म्हणाला, "कातडी फाटली तं मीनं पाह्याले पाह्यजे व्हतं. ते माहंच चुकलं." मी त्याच्या पायावर डोकं ठेवून रडलो. तो म्हणाला, "हट बे, दूध सांडन."

पण गावात तोवर बोभाटा झालाच होता. बुढ्यानं पोरावरच्या जळाऊपणात बैल खाल्ला. धामणगाव बढ्याच्या बाजारात काका ज्याला त्याला हेच सांगत होता. कोणी बापाला रामराम करेना. एका म्हाताऱ्यानं, ज्याचे सगळे बैल माझ्या बापानंच बडवले होते, त्यानं बापाला पाहून वाटेत थुंकलं.

मला ते सहन होईना. डॉक्टर गेले खड्ड्यात, नोकरी गेली खड्ड्यात! पुढच्या बाजारी मी ढोरबाजारात उभा राहिलो आणि काकाचा हात धरून सगळ्यांसमोर बोललो. "ऐका! बापाची काई चुकी नाई. नस माह्या चिमट्यातून सुटली व्हती. मी रागात चिमटा लावला. बापानं माही अब्रू झाकाले हात घातला. बैल माह्या हातानं मेला!"

 काकाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता हा मला मारेल, मारू दे. त्यानं मला उराशी धरलं. "पाह्यलं का?" तो भोवतालच्यांना म्हणाला, "बापाचं पाप आपल्या डोक्शावर घेऊन राह्यला! पोरगा असावा तं असा!"

"अहो काका, खरं सांगतो मी! मी डोळ्यानं पाह्यलं!"

"हाव हाव, समजते आम्हाले." कोणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी जितका ओरडलो तितके ते गहिवरले. डॉक्टर पलीकडं हॉटेलच्या बाकावर चहा पीत होते. मी त्यांच्याकडं बोट दाखवलं, म्हणालो, विचारा साहेबांना. ते उठले आणि बशी ठेवून निघून गेले. त्या बाजारापासून माझं नाव पडलं श्रावणबाळ. आणि बाप राहिला बैलखाऊ.

बापाला हे सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आला. लोक बघत होते, तरी खोड्यापाशी आला, माझी बोटं धरली आणि नस कुठं पळते, तिला अंगठ्याखाली कसं दाबून ठेवायचं, ते मला गोऱ्ह्यावर दाखवलं. "राग आला तं आधी चिमटा खाली ठेवजो," एवढंच म्हणाला. पुढं माझ्या नोकरीत एकही नस सुटली नाही. चिमट्यावर लोकांचा इतका विश्वास बसला की जळगाव जामोदकडची माणसंसुद्धा मला विचारत यायची.

बाप त्यानंतर नऊ-दहा वर्षांनी गेला. लोक आले, पण फार नाही. मी पुढं चाललो होतो, मागं तिरडी. काका म्हातारा झाला होता, तरी काठी टेकत माझ्या बाजूनं चालत होता. वेशीपाशी त्यानं माझ्या कानाजवळ तोंड आणलं आणि म्हणाला, "असा बाप असूनबी तू त्याच्यासाठी लय केलं, बापू."

माझ्या हातात विस्तवाचं मडकं होतं, म्हणून तो वाचला.